हिरवागार आणि हिरवट यांच्यामध्ये काय असतं?

मराठीत रंगाचं नाव सहसा एकटं येत नाही. झाड नुसतं हिरवं नसतं. ते हिरवंगार असतं, नाहीतर हिरवट. लालभडक आणि लालसर, पिवळाधमक आणि पिवळट, निळाशार आणि निळसर. रंग तोच, पण एका टोकाला तो काठोकाठ भरलेला आणि दुसऱ्या टोकाला पातळ झालेला. रंगशास्त्रात या गुणाला संपृक्तता म्हणतात. मोबाइलमध्ये फोटोचं ‘सॅच्युरेशन’ कमी-जास्त करताना आपण याच गुणाशी खेळत असतो.

आता एक पान घ्या. सकाळी ते हिरवंगार होतं. भर दुपारी त्याच जागी, त्याच फांदीवर ते हिरवट, जरा पांढुरकं दिसतंय. चार-पाच तासांत पानातलं हरितद्रव्य काही कुठे गेलेलं नाही. ऊन तर उलट वाढलंय. मग रंग का उतरला?

मी बरीच वर्षं उघड्यावर बसून चित्रं काढतो आणि हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा पडत आला आहे. त्याचं उत्तर शोधताना प्रकाशशास्त्रातल्या बऱ्याच गोष्टी हाती लागल्या, पण त्या सगळ्या एका साध्या प्रश्नाभोवती फिरतात: तुमच्या डोळ्यात आलेला प्रकाश रंगद्रव्याला भेटून आलाय, की न भेटताच आलाय? भेटून आलेल्या प्रकाशात रंग असतो. न भेटता आलेला प्रकाश सूर्याचा किंवा आकाशाचा मूळ रंग, म्हणजे जवळजवळ पांढरा, घेऊन येतो आणि त्या रंगात मिसळतो. हिरवागार आणि हिरवट यांच्यामध्ये जे असतं ते बहुतेक वेळा हेच.

‘गडद’ या शब्दाचा घोळ

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. बोलताना ‘गडद’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो: रंग काळोखा आहे तेव्हाही गडद आणि रंग भरदार आहे तेव्हाही गडद. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गडद तपकिरी काळोखा असतो, पण त्यात रंग थोडाच. पिवळाधमक भरदार असतो, पण काळोखा मुळीच नसतो.

अमेरिकी चित्रकार आणि कलाशिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये रंग मोजण्याची जी पद्धत मांडली तिच्यात प्रत्येक रंगाची तीन मापं वेगवेगळी ठेवली आहेत: छटा (लाल, पिवळा, निळा वगैरे), उजळपणा आणि रंगाचा जोर. ती पद्धत थोड्याफार सुधारणांसह आजही वापरात आहे. तिच्यातून दिसणारी एक गोष्ट मला फार आवडते. प्रत्येक छटा आपल्या पूर्ण जोरावर येते ती वेगवेगळ्या उजळपणाला. पिवळा सर्वांत भरदार असतो तो उजळ असताना; तो काळोखा करत गेलात तर शेवाळी होतो. निळा-जांभळा सर्वांत भरदार असतो तो बऱ्यापैकी काळोखा असताना. तो उजळ करत गेलात तर फिका पडतो.

यामागे कारण आहे. पिवळ्या रंगद्रव्याला फक्त निळा प्रकाश गिळायचा असतो, आणि आपल्याला जो उजेड जाणवतो त्यात निळ्याचा वाटा अगदी थोडा. म्हणून एवढं गिळूनही पिवळा झगझगीत राहतो. निळ्या रंगद्रव्याला मात्र लाल आणि हिरवा, म्हणजे उजेडाचा जवळजवळ सगळा ऐवज गिळावा लागतो. ‘पिवळाधमक’मध्ये चमक आहे आणि ‘निळाशार’मध्ये खोली, हे शब्द ज्यांनी कुणी घडवले त्यांनी नीट डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं.

रंगद्रव्य देत नाही, काढून घेतं

रंगद्रव्य रंग ‘देतं’ असं आपण म्हणतो, पण खरं तर ते फक्त वजाबाकी करतं. उन्हात साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा सगळा दृश्य प्रकाश असतो. न्यूटनने १६६६ च्या सुमारास लोलकातून हाच प्रकाश उलगडून दाखवला. पानातलं हरितद्रव्य त्यातला बराचसा निळा आणि लाल भाग खातं. हिरवा त्या मानाने कमी खातं. उरलेला प्रकाश बाहेर पडतो तो हिरवा.

ही वजाबाकी किती वेळा होते यावर सगळं अवलंबून असतं. एक काल्पनिक लाल रंग घेऊ. त्याचा एक पातळ थर लाल प्रकाशातला ९० टक्के आणि हिरव्यातला ५० टक्के पुढे जाऊ देतो. एका थरातून ९० आणि ५०: नुसता गुलाबीसर. दोन थरांतून ८१ आणि २५: आता लाल म्हणता येईल. चार थरांतून साधारण ६६ आणि ६: चांगला लालभडक. दहा थरांतून ३५ आणि ०.१: रंग अगदी शुद्ध, पण काळोखा व्हायला लागलाय. तीस थरांतून लाल उरतो जेमतेम ४ टक्के. डोळ्याला ते काळपट वाटतं. द्रव्य तेच. प्रकाशाने त्यातून किती वाटचाल केली, एवढाच फरक. जलरंगाचा एक हात फिका दिसतो, दुसऱ्या हाताने तो भरतो आणि चौथ्या-पाचव्या हाताला चित्र मळायला लागतं, ते यामुळेच.

कणांच्या आकाराचंही तसंच. लाजवर्द आणि अ‍ॅझुराइट या निळ्या खनिजांपासून शेकडो वर्षं चित्रकार रंग बनवत आले. त्यांना अनुभवाने ठाऊक होतं की दगड जाडसर कुटला तर निळा खोल येतो आणि फार बारीक दळला तर आकाशी, पांढरट होतो. रंगीत काच फोडून तिची पूड केली तर ती जवळजवळ पांढरीच दिसते, तसंच हे. दाणा बारीक झाला की प्रकाशाला आतून करायची वाट आखूड होते आणि जागोजागी नवे पृष्ठभाग तयार होतात, ज्यांच्यावरून तो आत न शिरताच परततो. काही आधुनिक रंगद्रव्यांची गिळण्याची ताकद इतकी जबर असते की ती बारीक केल्यावर उलट जास्त रंग देतात. पण लाजवर्दासारख्या सौम्य खनिजांना जाड दाणाच मानवतो.

वरच्या वर परतलेला प्रकाश

आता त्या दुपारच्या पानाकडे येऊ. पान असो, रंगवलेला दरवाजा असो की तेलरंगाचं चित्र, प्रकाश पृष्ठभागावर आला की त्यातला थोडा भाग आत न जाताच मागे वळतो. काच किंवा वाळलेल्या तेलरंगासारख्या पदार्थावर समोरून येणाऱ्या प्रकाशाचा हा वाटा साधारण ४ टक्के असतो, पाण्यावर २ टक्के. या प्रकाशाची रंगद्रव्याशी गाठच पडलेली नसते, म्हणून लाल वस्तूवरून परतलेला हा भागही लाल नसतो. ज्या उजेडाखाली वस्तू आहे त्या उजेडाच्या रंगाचा असतो.

४ टक्के ऐकायला काहीच नाहीत. पण हिशोब करून बघा. एक खोल लाल पृष्ठभाग आहे. त्याच्या आतून लाल प्रकाश ३० टक्के परत येतो आणि हिरवा ३ टक्के. म्हणजे लाल हिरव्याच्या दहापट. आता दोन्हींत वरचे ४ मिळवा: ३४ आणि ७. दहापटीवरून गुणोत्तर पाचपटीखाली आलं. एवढ्याशा पांढऱ्या भेसळीने रंगाचा निम्मा कस गेला. रंग जितका खोल, तितकं नुकसान जास्त. पांढऱ्या भिंतीला या ४ टक्क्यांनी काही फरक पडत नाही, पण काळ्या, गर्द निळ्या किंवा गर्द हिरव्या वस्तूला फार पडतो.

प्रकाश जितका तिरपा, तितका हा वाटा वाढतो. काचेसारख्या पृष्ठभागावर सरळ समोरच्या दिशेपासून ८० अंश तिरप्या येणाऱ्या प्रकाशातला सुमारे ३९ टक्के भाग वरच्या वर परततो. जमिनीला डोळा लावून एखादी रंगीत फरशी लांबपर्यंत बघा. पायाशी तिचा रंग दिसतो. पुढे पुढे तो पुसट होत जातो आणि शेवटी फरशीऐवजी समोरच्या खिडकीचा उजेडच दिसतो.

गुळगुळीत आणि खरखरीत यातला भेदही इथेच आहे. दोन्हींवर वरचा परतावा होतो. पण गुळगुळीत पृष्ठभाग तो आरशासारखा एकाच दिशेला पाठवतो. मान थोडी इकडेतिकडे केली की त्याच्या वाटेतून बाहेर पडता येतं आणि खालचा निखळ रंग दिसतो. खरखरीत पृष्ठभाग तोच प्रकाश सगळीकडे उधळतो. तिथे कुठेही उभे राहा, पांढरी भेसळ तुमच्या मागे येतेच. चकचकीत रंगाचा दरवाजा त्याच डब्यातल्या, पण घासून मॅट केलेल्या दरवाजापेक्षा खोल दिसतो. जुन्या चित्रावर वॉर्निशचा हात फिरवताच झोपलेले रंग जागे होतात, तेही याच कारणाने.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा म्हणजे ओला गोटा. पाण्यातून काढला तेव्हा तांबडाबुंद, त्यात जांभळ्या रेषा. हातात वाळला की राखट, कुठल्याही दगडासारखा दगड. कोरड्या दगडाचा पृष्ठभाग बारीक खड्ड्यांनी भरलेला असतो आणि हवा-दगड या सीमेवर तो चार टक्के परतावा सगळीकडे उधळला जातो. पाणी हे खड्डे भरून काढतं. पाणी आणि दगड यांचे अपवर्तनांक (प्रकाशाला वाकवण्याच्या ताकदीची मापं) हवा आणि दगड यांच्यापेक्षा खूप जवळचे असल्यामुळे त्या सीमेवरचा परतावा अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतो. वर पाण्याची गुळगुळीत कातडी उरते; ती आपले दोन टक्के एकाच दिशेला फेकते.

आणखीही एक गोष्ट होते. दगडातून रंग घेऊन बाहेर निघालेल्या प्रकाशातला जवळजवळ निम्मा भाग पाण्याच्या वरच्या कातडीला आतून आपटून पुन्हा खाली येतो आणि दगडाला दुसऱ्यांदा भेटतो. स्वीडिश शास्त्रज्ञ अँडर्स आँगस्ट्रॉम यांनी ओली जमीन काळपट का दिसते याचं हे स्पष्टीकरण १९२५ मध्ये दिलं. जितक्या जास्त भेटी, तितकी जास्त वजाबाकी. म्हणून ओला गोटा काळोखाही होतो आणि रंगीतही. तो अधिक चमकतो म्हणून रंग खुलतो असं अनेकांना वाटतं, पण एकूण प्रकाश तर तो आधीपेक्षा कमीच परत देत असतो.

मग उन्हाचं काय?

पानावर मेणाचा पातळ थर असतो. भर दुपारी सूर्य आणि मोकळं आकाश दोन्ही त्या मेणावरून परततात. पान स्वतः हिरवा प्रकाशही फार देत नाही, साधारण १० ते २० टक्क्यांच्या घरात. त्यामुळे वरची थोडीशी भेसळही त्याला जड जाते. त्यात ती भेसळ सूर्याकडून पांढरी आणि आकाशाकडून निळसर. दुपारचं पान हिरवट-राखाडी दिसतं ते याने.

आता जागा बदला. झाडाखाली जा आणि तेच पान खालून, उन्हाकडे तोंड करून बघा. लगेच पोपटी, पेटल्यासारखं हिरवं. वरचा परतावा वरच राहिला. तुमच्यापर्यंत आलेला प्रकाश पानाच्या आतून, हरितद्रव्यातून वाट काढत आलाय. भेसळ जवळजवळ शून्य. रंगीत काचेच्या खिडकीचंही हेच: बाहेरून ती मळकट दिसते, आतून दागिन्यासारखी. माझ्या मते उन्हाचा रंगाशी संबंध समजून घ्यायचा तर याहून चांगला प्रयोग नाही, कारण ऊन, पान आणि द्रव्य तिन्ही तीच राहतात. बदलते फक्त वाट.

छायाचित्रकार वापरतात तो ध्रुवीकरण फिल्टरही हेच काम करतो. पृष्ठभागावरून तिरपा परतलेला प्रकाश बराचसा ध्रुवित असतो, म्हणजे एकाच प्रतलात थरथरणारा. पाण्यासाठी साधारण ५३ अंशांना आणि काचेसाठी ५६ अंशांना तो जवळजवळ पूर्ण ध्रुवित होतो. फिल्टर फिरवून ते प्रतल अडवलं की भेसळ गळून पडते आणि आतला रंग शिल्लक राहतो. फिल्टरने पानांना रंग दिलेला नसतो, त्यांच्यावरचा पडदा काढलेला असतो.

ढगाळ दिवशी रंग छान दिसतात असंही सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. उन्हात चकचकीत वस्तूवर एक छोटा, डोळे दिपवणारा ठिपका येतो आणि बाकी भाग स्वच्छ राहतो. ढगाळ उजेडात सगळं आकाशच दिव्यासारखं पांढरं असल्याने तो परतावा वस्तूभर पातळ पसरतो. म्हणजे एकट्या गुळगुळीत वस्तूचं ढगांमुळे नुकसानच होतं. पण हजारो पानांच्या झाडावर उन्हात हजारो पांढरे ठिपके आणि त्यांच्यामध्ये काळ्या सावल्या असा कल्लोळ असतो, त्यात हिरवा हरवतो. ढगाळ उजेडात तो कल्लोळ शमतो. कॅमेऱ्याला तर हे फारच मानवतं, कारण जास्त उजेडात त्याचे तिन्ही रंगांचे मोजणारे भाग एकदम भरून जातात आणि लालभडक फूलसुद्धा फोटोत फटफटीत येतं.

सूर्य खाली उतरला की ऊन स्वतःच रंगीत होतं. डोक्यावरच्या सूर्याचा प्रकाश वातावरणाची एक जाडी पार करून येतो. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश त्याच्या सुमारे ३८ पट हवेतून. हवेचे रेणू ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा नऊपटीहून जास्त विखुरतात, त्यामुळे वाटेत निळा गळत जातो. अशा उन्हात विटा, लाल माती, नारिंगी फुलं पेटून उठतात, कारण ती जे परत करणार तेच त्यांच्यावर पडतंय. निळ्या वस्तूंची मात्र उपासमार होते. आपला मेंदू उजेडाचा रंग बराचसा वजा करून पाहतो, म्हणून पांढरा कागद आपल्याला संध्याकाळीही पांढराच वाटतो. पण ही वजाबाकी पूर्ण कधी होत नाही.

आणि अंतर. लांबचा डोंगर जवळच्या डोंगराइतकाच हिरवा असतो. पण त्याच्या आणि आपल्यामध्ये काही किलोमीटर हवा आहे आणि ती हवा सूर्याचा प्रकाश मधल्यामध्येच आपल्या डोळ्याकडे वळवते. तो प्रकाश डोंगरापर्यंत गेलेलाच नाही. पुन्हा तेच: न भेटता आलेला प्रकाश. पाऊस पडून हवा धुतली गेली की डोंगर जवळ आल्यासारखे वाटतात ते हा पडदा पातळ झाल्यामुळे.

डोळ्याची बाजू

इथपर्यंत सगळं बाहेर चाललं होतं. पण रंग शेवटी डोळ्यात आणि मेंदूत ठरतो, आणि तिथे उन्हाचं काम उलटं होतं: जास्त उजेडात रंग जास्त रंगीत वाटतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हंट यांनी १९५२ मध्ये हे मोजून दाखवलं आणि या परिणामाला त्यांचंच नाव पडलं. भर उन्हात सुमारे १,००,००० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, दिवे लावलेल्या खोलीत ३०० ते ५००. तेच लाल कापड बाहेर नेलं की त्याचा लाल अंगावर येतो, जरी त्याने परत केलेल्या प्रकाशातलं लाल-हिरव्याचं प्रमाण तेच असलं तरी.

हे मला महागात पडून कळलं. सुरुवातीला मी भर उन्हात, कागदावर थेट ऊन पडत असताना रंगवायचो. तिथे रंग इतके तेजस्वी वाटत की मी ते सारखे दाबत जायचो. पाण्याचा हिरवा खाली आण, मातीचा तांबडा खाली आण. चित्र समोरच्या दृश्याशी अगदी जुळायचं. घरात आणून भिंतीवर लावलं की मेलेलं. शंभर हजार लक्सांच्या उजेडात ठरवलेले रंग दोन-तीनशे पट कमी उजेडात तसे दिसणं शक्यच नव्हतं. आता मी कागद सावलीत धरतो, आणि उघड्यावर रंगवायला निघालेल्या प्रत्येकाला आधी हेच सांगतो.

उजेड फारच कमी झाला की चित्र पुन्हा पालटतं. डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकूपेशी रंग ओळखतात, पण त्यांना उजेड लागतो. अंधारात काम करतात त्या दंडपेशी. त्या एकाच प्रकारच्या असल्याने त्यांना रंग कळत नाही. त्या सर्वांत जास्त संवेदनशील असतात ५०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या-हिरव्याला. लालला जवळजवळ आंधळ्या. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८२५ मध्ये नोंदवलं की दिवसा पानांपेक्षा झळकणारी लाल फुलं मंद उजेडात पानांहून काळी पडतात. पौर्णिमेचं चांदणं उन्हाच्या सुमारे चार लाख पटींनी मंद असतं. त्यात बाग दिसते, पण गुलाब लाल दिसत नाही.

शेजारी कोणता रंग आहे यानेही भरदारपणा बदलतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर लावायची चित्रवस्त्रं विणत, मिशेल युजीन शेव्रल १८२४ मध्ये रंगाई विभागाचे प्रमुख झाले. काळा रंग निळ्या-जांभळ्या कापडांत फिका पडतो अशी तक्रार होती. शेव्रल रसायनशास्त्रज्ञ, त्यांनी काळ्याची इतर ठिकाणच्या काळ्याशी तुलना केली आणि रंगात काहीच दोष सापडला नाही. दोष शेजाराचा होता. यातून रंगांच्या परस्परविरोधावरचं त्यांचं १८३९ चं मोठं काम उभं राहिलं. लालशेजारी हिरवा ठेवला की दोन्ही भडकतात. लालशेजारी नारिंगी ठेवला की दोन्ही थोडे विझतात.

आणि शेवटचा पडदा डोळ्याच्या आतच असतो. सूर्य समोर असेल तर त्याचा प्रकाश डोळ्याच्या भिंगात आणि द्रवात विखुरतो आणि साऱ्या दृश्यावर पांढरट धूर पसरतो. मोतीबिंदू होऊ लागला की हे फार वाढतं. उन्हात लांबचं पाहताना आपण नकळत कपाळावर हात धरतो. पुढच्या वेळी तो धरताना नीट लक्ष द्या: हात वर गेल्याबरोबर समोरच्या झाडांत हिरवा परत भरतो.

जेव्हा रंग खरोखरच उडतो

आतापर्यंतचे बदल मागे फिरवता येण्याजोगे होते. पण ऊन रंगद्रव्य मोडूनही टाकतं. ज्या प्रकाशकणाची ऊर्जा रेणू गिळतो तीच ऊर्जा कधीकधी त्याचे बंध तोडते, आणि तुटलेला रेणू तो रंग गिळायचं सोडून देतो. उन्हातली अतिनील किरणं यात सगळ्यात पुढे. गेरूसारख्या लोहाच्या ऑक्साइडांना आणि काजळीच्या काळ्याला याचं काही वाटत नाही. वनस्पतींपासून काढलेले अनेक रंग आणि काही कृत्रिम लाल मात्र लवकर जातात. रसेल आणि अ‍ॅबनी या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८८८ मध्ये जलरंगांवर प्रकाशाच्या परिणामाचा अहवाल दिला. त्यात असंही दिसलं की हवा काढून घेतलेल्या नळीत बहुतेक रंग टिकतात. म्हणजे प्रकाशाला साथ लागते ती प्राणवायूची आणि दमटपणाची.

त्याच वर्षी व्हिन्सेंट व्हॅन गॉगने आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र काढलं. पत्रात त्याने भिंती फिक्या जांभळ्या असल्याचं लिहिलं आहे. आज त्या भिंती निळ्या दिसतात, कारण मिश्रणातला लाल उडून गेला आणि निळा मागे राहिला. संग्रहालयं जलरंग आणि कापडांसाठी उजेड ५० लक्सच्या आसपास ठेवतात, ते याचसाठी. भर उन्हातला एक तास म्हणजे तिथले २००० तास. रोज आठ तास धरले तर २५० दिवस. यात अतिनील किरणांचा हिशोब धरलेलाही नाही.

पण उन्हात पडून फिकी झालेली प्रत्येक वस्तू रंगद्रव्य गमावून बसलेली नसते. बऱ्याचदा द्रव्य शाबूत असतं आणि खराब झालेला असतो तो त्याला धरून ठेवणारा वरचा थर. ऊन त्या थराला खातं, पृष्ठभाग खडबडीत होतो, हात लावला की बोटाला खडूसारखी पूड लागते आणि तो जुना चार टक्क्यांचा परतावा पुन्हा सगळीकडे उधळायला लागतो.

यातलं काय झालंय ते ओळखायला उपकरण लागत नाही. उन्हाने फिकी पडलेली प्लॅस्टिकची खुर्ची, जुना दरवाजा किंवा गाडीचं निस्तेज बॉनेट घ्या आणि बोट पाण्यात बुडवून त्यावर एक जाड रेघ ओढा. रेघेखाली रंग भरून आला, तर द्रव्य आत आहे. पॉलिश करून किंवा वर पारदर्शक हात देऊन तो परत आणता येईल. ओली रेघ नुसतीच ओली दिसली, खाली तोच फिका राहिला, तर आत भेटायला कुणी उरलेलं नाही. नवा रंग लावावा लागेल.